चेक इंजिनचा दिवा, पी०४५६ आणि अर्ध्या मिलिमीटरचं भोक

मोआबहून परत आलो आणि चौथ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मोआब म्हणजे युटामधलं लाल खडकांचं गाव, आमच्या डेन्व्हरपासून साधारण साडेतीनशे मैल, ऑफ-रोडिंगवाल्यांची पंढरीच म्हणा. गाडी एकदम ठणठणीत, आवाज नाही, पिकअप तसाच, ॲव्हरेज तसंच, फक्त दिवा. स्कॅनर (गाडीने साठवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर कोड आला पी०४५६, म्हणजे पेट्रोलच्या वाफा धरून ठेवणाऱ्या यंत्रणेत अतिशय छोटा लीक.

मी काय केलं, तर सगळे करतात तेच. टाकीचं झाकण नवीन आणलं, कोड पुसला, दिवा गेला, खूष झालो, आठवड्यात दिवा परत. मग नेटवर वाचून पर्ज व्हॉल्व (या यंत्रणेचं इंजिनाकडचं दार) बदलला, तोही चांगलाच होता बिचारा, चोर सोडून संन्याशाला फाशी. दिवा परत आलाच. तेव्हा कुठे शांत बसून ही यंत्रणा चालते कशी ते नीट समजून घेतलं, आणि ते एकदा डोक्यात बसलं की शोधायचं कसं हे आपोआप कळतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. अमेरिकेत जुनी एसयूव्ही घेऊन डोंगरात फिरणारी आपली बरीच मंडळी आहेत आणि या दिव्यावर विनाकारण पैसे घालवताना मी अनेकांना बघितलंय.

आधी मुळात वाफा धरून ठेवायच्या कशाला ते बघू. पेट्रोल नुसतं ठेवलं तरी उडत राहतं, उन्हात जास्तच. गाडी बंद करून पार्किंगमध्ये उभी असली तरी टाकीतून वाफ निघतच असते. या वाफा आणि धुरातले नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो, लॉस एंजेलिसचं ते कुप्रसिद्ध धुरकं त्यातूनच आलेलं. म्हणून कॅलिफोर्नियाने १९७० पासून आणि पाठोपाठ १९७१ मध्ये केंद्र सरकारने, टाकीची वाफ हवेत सोडायची नाही असा नियम केला. १९९६ पासून इथल्या प्रत्येक नवीन कारला ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष स्वतःच शोधायची यंत्रणा, सक्तीची झाली आणि ही यंत्रणा गळत नाही ना हे गाडीने स्वतःच तपासायला लागलं. सुरुवातीला एक मिलिमीटरचं भोक सापडलं तरी चालायचं, २००० नंतरच्या मॉडेल्सना अर्ध्या मिलिमीटरचं सापडायला हवं. अर्धा मिलिमीटर म्हणजे बारीक सुईचं टोक टोचल्यावर पडेल तेवढं भोक! एवढ्या मोठ्या टाकीत, पाइपात, जॉइंटात तेवढं भोक गाडी स्वतः ओळखते याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

आता यंत्रणा. टाकीतली वाफ पाइपाने एका काळ्या प्लास्टिकच्या डब्यात जाते, त्याला चारकोल कॅनिस्टर म्हणतात. आत कोळसा असतो पण शेगडीतला नव्हे, ॲक्टिव्हेटेड कार्बन, त्याला इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. वाफ त्या छिद्रांत चिकटून बसते. मग गाडी चालू असताना कॉम्प्युटर इंजिनजवळचा एक व्हॉल्व उघडतो, हाच पर्ज व्हॉल्व, आणि इंजिन स्वतःच्या व्हॅक्यूमने ती वाफ ओढून घेऊन जाळून टाकतं. कॅनिस्टरच्या दुसऱ्या टोकाला वेंट व्हॉल्व असतो, तिथून बाहेरची स्वच्छ हवा आत येते, नाहीतर टाकी आतून ओढली जाऊन चेपेल. शिवाय टाकीवर एक प्रेशर सेन्सर, आणि गाडी उलटली किंवा फार तिरकी झाली तर पाइपात पेट्रोल जाऊ नये म्हणून एक-दोन छोटे व्हॉल्व. झालं, एवढंच आहे.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा कारण पुढे धुराच्या टेस्टमध्ये तिच्यावरच सगळं अडतं. बहुतेक गाड्यांत पर्ज व्हॉल्वला करंट नसला की तो बंद असतो, आणि वेंट व्हॉल्वला करंट नसला की तो उघडा असतो. म्हणजे गाडी नुसती उभी असताना इंजिनाकडचं दार बंद आणि बाहेरच्या हवेकडचं दार सताड उघडं.

परीक्षा घेताना कॉम्प्युटर दोन्ही दारं लावतो आणि आतला दाब टिकतो का बघतो. पंक्चरवाला ट्यूब फुगवून घमेल्यात बुडवतो आणि बुडबुडे बघतो, तेच, फक्त इथे पाण्याऐवजी सेन्सर. काही गाड्या इंजिनचा व्हॅक्यूम आत घेऊन दारं लावतात. काही गाड्या आणखी हुशारी करतात, गाडी बंद केल्यावर गरम झालेली टाकी हळूहळू थंड होते आणि आतली वाफ आकसते, डबा घट्ट असेल तर आपोआप थोडा व्हॅक्यूम तयार व्हायला पाहिजे, झाला तर पास, नाही झाला तर कुठूनतरी हवा आत येतेय. गरम भाजी घट्ट झाकणाच्या डब्यात भरली की थंड झाल्यावर झाकण उघडता उघडत नाही ना, तसं. जीपच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये यासाठी कॅनिस्टरजवळ एक साधा स्विच असतो, तेवढा व्हॅक्यूम झाला की तो जोडला जातो. टोयोटाच्या अनेक गाड्यांत गाडी बंद केल्यावर साधारण पाच तासांनी एक छोटा पंप आपोआप सुरू होतो, रात्री गॅरेजमधून बारीक घूं आवाज आला तर घाबरू नका, परीक्षा चालू आहे. तुमच्या गाडीत यातली कुठली पद्धत आहे ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आधी वाचा, कारण पुढचं शोधकाम त्यावर ठरतं.

ही परीक्षा वाटेल तेव्हा होत नाही. टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली लागते, गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली लागते, बाहेर फार थंडी किंवा फार उकाडा नको. आणि आम्हा कोलोरॅडोवाल्यांसाठी महत्त्वाचं, ८,००० फुटांच्या वर ही तपासणी बंद ठेवायची मुभा नियमातच आहे. लेडव्हिल गाव १०,००० फुटांच्याही वर आहे, तिथे राहणाऱ्याच्या गाडीला भोक असलं तरी घरी दिवा लागणारच नाही असं होऊ शकतं, तो चार दिवस डेन्व्हरला उतरला की लागेल. शिवाय एकदा नापास होऊन दिवा लागत नाही, सहसा लागोपाठ दोनदा नापास व्हावं लागतं, पहिल्या वेळी कोड नुसता पेंडिंग म्हणून साठतो. मोआबहून परत आल्यावर माझा दिवा चौथ्या दिवशी का लागला ते यात आलं. त्यामुळे दिवा लागला त्या दिवशी काय केलं होतं हे आठवत बसू नका, त्याच्या आधीच्या आठवड्याचं आठवा.

कोडांचंही थोडक्यात सांगतो. पी०४५५ म्हणजे मोठा लीक, पी०४४२ छोटा, पी०४५६ अतिशय छोटा, पी०४५७ झाकण सैल असल्याची शंका, पी०४४६ वेंटच्या बाजूची तक्रार. पण कुठलाही कोड हा पार्ट बदला असं सांगत नाही, तो फक्त कुठली परीक्षा नापास झाली ते सांगतो. ताप १०१ आहे हे थर्मामीटर सांगतो, टायफॉइड की मलेरिया ते नाही सांगत.

आता ऑफ-रोड गाडीचं वेगळं काय, तर सगळंच. शहरातल्या कारमध्ये झाकण पहिलं संशयित, पण डोंगरात फिरणाऱ्या गाडीत ही सगळी यंत्रणा गाडीच्या पोटाखाली, टाकीच्या आणि मागच्या ॲक्सलच्या आसपास असते, नेमकी जिथे दगड लागतो, चिखल उडतो, पाणी शिरतं. वेंटच्या तोंडाला फिल्टर असतो, तो युटाच्या पिठासारख्या लाल मातीने भरतो, एखादा कण व्हॉल्वच्या बैठकीवर बसला की दार पूर्ण लागतच नाही आणि कॉम्प्युटरला तो लीकच दिसतो. लिफ्ट किट घालून गाडी उंच केली की काही होज ताणले जातात. कॉरुगेटेड, म्हणजे पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावर तासन्‌तास थरथराट, त्यात नायलॉनचा पाइप फ्रेमच्या कडेला घासत राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत तिथे चीर. स्किड प्लेट (टाकीला दगड लागू नये म्हणून खाली बसवलेला जाड पत्रा) आणि टाकीच्या मधे गोटा अडकला तर तो प्रत्येक धक्क्याला टाकी कुरतडतो. कॅनिस्टरला दगड लागला तर डबा साबूत दिसतो आणि पाइप जिथे जोडतात तिथली प्लास्टिकची नळी बुडाशी तडकलेली असते. वर बर्फाच्या दिवसांत रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि मॅग्नेशियम क्लोराइड, लोखंडी फिलर नेक, म्हणजे झाकणापासून टाकीत जाणारी नळी, ती आतल्या बाजूने सडत जाते.

एक चूक मात्र आपल्या हातची. पंप कट झाल्यावर अजून थोडं अजून थोडं म्हणत टाकी गळ्यापर्यंत भरायची, लांबच्या ट्रेलआधी हा मोह होतोच, मलाही व्हायचा. ते जास्तीचं पेट्रोल वाफेच्या पाइपातून कॅनिस्टरमध्ये उतरतं, कोळसा भिजतो आणि मग कामातून जातो, कधी त्याचे कण सुटून पर्ज व्हॉल्वपर्यंत पोचतात. पंप कट झाला की थांबा, जादा पेट्रोल हवंच असेल तर वेगळा कॅन न्या.

किडेसुद्धा! २०११ मध्ये माझदाने उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ६५,००० माझदा-६ गाड्या परत बोलावल्या, कारण पेट्रोलच्या वासाला भुलून एक पिवळा कोळी वेंटच्या पाइपात जाळं विणत होता, पाइप तुंबून टाकीत व्हॅक्यूम वाढला तर टाकीला तडा जायची भीती होती. त्यामुळे सहा महिने उभी असलेली गाडी असेल तर वेंटचं तोंड जरूर बघा.

शोधायला सुरुवात कुठून करायची, तर डोळ्यांनी आणि नाकाने. झाकण काढा, रबराच्या वॉशरवर बोट फिरवा, चीर, कडकपणा, चिकटलेली वाळू बघा, आणि जास्त महत्त्वाचं, नळीच्या ज्या ओठावर तो वॉशर बसतो तिथे गंजाचे फोड आहेत का बघा, कुकरची रिंग नवीन आणि भांड्याचा काठ वाकडा असेल तर शिट्टी होईल का? मग गाडी धुऊन, नीट उचलून, स्टँडवर ठेवून खाली शिरा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. पाइपांचा पूर्ण रस्ता टॉर्च घेऊन बघा. वाफेचा लीक असेल तिथे बरेचदा धुळीचा एक ओलसर, काळपट डाग असतो. पेट्रोल थेंबथेंब गळताना दिसलं तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा, ती वेगळी आणि तातडीची गोष्ट आहे, गाडी चालवू नका.

मग पर्ज व्हॉल्व, याची टेस्ट फुकट आहे आणि मी ती न करताच नवीन व्हॉल्व घेतला होता. इंजिन थंड असताना सुरू करा, व्हॉल्वच्या कॅनिस्टरकडचा पाइप काढा आणि त्या तोंडावर बोट ठेवा. थंड इंजिन आयडलला असताना सहसा ओढ लागायला नको. सतत ओढ लागत असेल तर व्हॉल्व बंद होत नाहीये. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल तर तेही याचंच लक्षण. ज्यांच्याकडे दोन्ही बाजूंनी बोलणारा स्कॅनर आहे, म्हणजे जो नुसता वाचत नाही तर व्हॉल्वला हुकूमही देतो, त्यांनी इंजिन चालू ठेवून वेंट बंद करावा आणि पर्जला शून्य द्यावं, टाकीच्या सेन्सरवर व्हॅक्यूम वाढत गेला तर पर्ज गळतोय. आणि झाकण उघडं असताना तोच सेन्सर शून्याच्या जवळ दाखवतो ना तेही बघून घ्या, सेन्सरच खोटं बोलत असेल तर सगळी मेहनत पाण्यात.

यातूनही सापडलं नाही तर धूर. स्मोक मशीन मिनरल ऑइल तापवून पांढरा धूर करतं आणि अगदी कमी दाबाने यंत्रणेत सोडतं. दाब किती, तर साधारण अर्धा पीएसआय, एकच्या आत. टायरमध्ये आपण ३५ भरतो त्यावरून अंदाज घ्या. हवेचा कॉम्प्रेसर टाकीला कधीही लावू नका, एक तर सेन्सर आणि सील फाटतील, आणि दुसरं म्हणजे टाकीतल्या वाफेत ताजी हवा मिसळून तुम्ही पेट घेणारं मिश्रण स्वतः तयार कराल. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने पेटते. म्हणून कामाचं स्मोक मशीन नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइडवर चालवतात. डब्यात वात आणि तार घालून घरी धूर करायचे व्हिडिओ बघितले असतील, इंजिनच्या बाजूला कोणी काय करतं ते करू दे, टाकीच्या बाजूला ते करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. अजून एक, इथल्या बऱ्याच घरांत गॅरेजमध्येच गॅसचा वॉटर हीटर असतो, त्याची पायलटची ज्योत कायम जळत असते, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरपटत तिथपर्यंत जाते. गाडी बाहेर काढा, वारा नसलेली वेळ बघा.

धूर सोडायचा कुठून, तर जुन्या अमेरिकन गाड्यांत इंजिनजवळ हिरव्या टोपणाचा सर्व्हिस पोर्ट असतो, आत टायरसारखा व्हॉल्व पण उलट्या आट्याचा, हे माहीत नसलं की माणूस तो पिळत बसतो. पोर्ट नसेल तर पर्ज व्हॉल्वकडचा पाइप काढून तिथून. आता ते सुरुवातीचं आठवा, वेंटचं दार उघडं असतं. स्कॅनरने ते बंद केलं नाही तर धूर वेंटमधून भसाभसा येईल आणि तुम्ही म्हणाल सापडला! तो लीक नाही, ते उघडं दार आहे. हुकूम देऊनही तिथून धूर येत राहिला तरच वेंट व्हॉल्व दोषी.

टाकीचं झाकण आधी उघडं ठेवा, तिथून धूर यायला लागला म्हणजे यंत्रणा भरली, मग झाकण लावा आणि थांबा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, घाई करू नका, अर्ध्या मिलिमीटरमधून धुराची काडीसुद्धा येत नाही, केसासारखी रेघ येते. चांगल्या मशीनवर फ्लो दाखवणारी गोळी असते आणि सोबत अर्ध्या मिलिमीटरचं प्रमाणित भोक असलेला तुकडा येतो, तो लावून गोळी किती उचलली जाते ते बघायचं आणि मग गाडीशी ताडून बघायचं. गोळी खाली बसली तर त्या क्षणी लीक नाही, वर तरंगत राहिली तर आहे, डोळ्याला दिसत नसला तरी. मग एका बाजूने प्रखर टॉर्च तिरका मारून शोधायचं. संशय आलेल्या जॉइंटवर साबणाचं पाणी लावा, दाब कमी असल्यामुळे बुडबुडा अगदी हळू फुगतो, नजर हटवू नका. टाकीच्या वरच्या बाजूला पेट्रोल पंपाची मोठी रिंग असते, ती खालून दिसत नाही, पंप कधी बदलला असेल तर तिथला ओ-रिंग चिमटलेला असण्याची शक्यता भरपूर, मागच्या सीटखाली झाकण असेल तर ते उघडून बघा.

माझ्या गाडीत गोळी तरंगत होती आणि धूर कुठेच नव्हता. तासभर गेला. शेवटी मागच्या चाकाच्या वरचं प्लास्टिकचं लायनर खोललं तर आत लाल मातीचा वीतभर थर, दगडासारखा घट्ट, फिलर नेकच्या सगळ्या बाजूंनी बसलेला. तो हाताने, मग लाकडी पट्टीने खरवडून काढला (लोखंडी स्क्रू ड्रायव्हर तिथे नकोच) आणि नळी जिथे पट्टीने बॉडीला धरलेली आहे त्या पट्टीच्या मागून एक बारीक पांढरी रेघ वर आली. मातीच धूर शोषून आणि अडवून धरत होती. नळी पट्टीखाली गंजून पापुद्र्यासारखी झालेली, गंज आधीपासूनच असणार, मोआबच्या खडखडाटात त्याची खपली निघाली असं मला वाटतं. वरून एपॉक्सी लावून भागेल का असा विचार आला, पण बाजूला टोकरलं तर तिथेही पत्रा मऊच लागला, म्हणून पूर्ण नेक बदलला. झाकण आणि पर्ज व्हॉल्व यांचे पैसे मात्र गेले ते गेले.

मध्यंतरी साताऱ्याहून मामेभावाने विचारलं, माझ्या गाडीत हे का नाही. त्याची डिझेल आहे. डिझेल साध्या तापमानाला फारसं उडतच नाही, म्हणून डिझेल गाडीला हा कॅनिस्टरचा प्रपंच लागत नाही. पेट्रोल जिम्नी किंवा पेट्रोल थार असेल तर कॅनिस्टर आणि पर्ज व्हॉल्व तिथेही आहेत, पण भारतातले नियम युरोपच्या वळणावर बेतलेले आहेत, अर्ध्या मिलिमीटरचं भोक गाडीने स्वतः हुडकावं अशी अमेरिकेसारखी सक्ती तिथे नाही. त्यामुळे तिकडे दिव्याची वाट बघू नका. पावसाळ्यात चिखलात गाडी घातल्यावर वेंटचं तोंड आणि फिलर नेकभोवतीची जागा पाण्याने धुऊन काढा, प्रेशर वॉशरचा फवारा मात्र थेट वेंटच्या तोंडात मारू नका, आणि मागे पेट्रोलचा वास आला तर तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसला की गाडीच्या सगळ्या स्वयंपरीक्षा कोऱ्या होतात आणि ही वाफेची परीक्षा बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी पूर्ण होते. ज्यांची एमिशन टेस्टची (इथली पीयूसीसारखी प्रदूषण तपासणी) तारीख जवळ आलीय त्यांनी आदल्या दिवशी कोड पुसून जाऊ नये, तिथे लगेच दिसतं. २००१ आणि नंतरच्या गाड्यांना बहुतेक राज्यांत एक परीक्षा अपूर्ण चालते, त्याहून जास्त नाही. मी टाकी अर्ध्याच्या जवळ ठेवली, रात्री गाडी बाहेर उभी केली, सकाळी थंड इंजिनावर सुरू करून वीस-पंचवीस मिनिटं साधी चालवली, आणि तो आठवडा डोंगरात वर गेलो नाही. पाचव्या दिवशी स्कॅनरवर या वाफेच्या परीक्षेची ओळ रेडी, म्हणजे पूर्ण, झाली, पेंडिंगच्या यादीतही काही नव्हतं, तेव्हा लायनर परत बसवलं.